कॅमेऱ्याला न दिसणारी रेघ

माझ्या नणंदेला नकाशा कार्यालयात सगळे रेघबाई म्हणत. तोंडावर 'बाई' आणि पाठ वळली की 'रेघबाई'. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं, पण एखादी गोष्ट आवडते असं कबूल करणं त्यांच्या स्वभावात नाही. घरात त्या ताई. माझ्या नवऱ्यापेक्षा चार वर्षांनी मोठ्या, लग्न न केलेल्या, आणि पस्तीस वर्षं मी ज्यांच्याशी एका छपराखाली भांडत आले आहे त्या. गेल्या काही महिन्यांत त्यांच्याबद्दल वर्तमानपत्रांत बरंच छापून आलं. त्यातलं अर्धं चुकीचं होतं आणि उरलेलं अर्धं विषारी. म्हणून मी लिहायला बसले आहे, आणि त्यासाठी मला कुणाची परवानगी नको आहे.

ताई एकाहत्तर वर्षांच्या आहेत. बेताची उंची, जाड भिंगांचा चष्मा आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाला पेनाने पडलेला घट्टा. खालून उजेड येणाऱ्या काचेच्या टेबलावर पारदर्शक फिल्म अंथरायची आणि तिच्यावर काळ्या शाईने नकाशा उतरवायचा, हे त्यांचं काम. डोंगर, ओढे, वाटा, घरं, सरहद्दी. एक शीट पुरी व्हायला चार-चार महिने लागत. शाई फिसकटली तर ब्लेडने खरवडायची आणि श्वास रोखून पुन्हा रेघ ओढायची. मग मोठ्या कॅमेऱ्याने त्या फिल्मचा फोटो घेत आणि त्यावरून हजारो प्रती छापत. असं त्यांनी बत्तीस वर्षं केलं.

वाकडं काही त्यांना खपत नाही. दुसऱ्यांच्या घरी गेल्या की आधी भिंतीवरच्या तसबिरी सरळ करतात आणि मग बसतात. माझ्या हातची चपाती उजेडाला धरून 'हिचा मध्यबिंदू कुठे गं?' असं त्यांनी मला लग्नानंतर आठवड्यातच विचारलं होतं. मी म्हटलं, पोटात गेल्यावर शोधा. तेव्हापासून आमचं जमलं. त्यांना बघायला आलेल्या एका स्थळाने विचारलं होतं, स्वयंपाक येतो का? ताई म्हणाल्या, 'पाव मिलिमीटरची रेघ येते, हात न थरथरता.' ते स्थळ गेलं ते गेलंच.

त्यांचा भाऊ, म्हणजे माझा नवरा, गल्लीच्या टोकाच्या शाळेत चाळीस वर्षं मास्तर होता. सगळी गल्ली त्यांना मास्तरच म्हणते, ताईसुद्धा. ह्यांच्यासाठी देश म्हणजे घरातलं वडीलधारं माणूस. त्याच्याविषयी उणा शब्द निघाला की हे ताटावरून उठतात. ताई नकाशा काढणाऱ्या आणि हे तो शिकवणारे, म्हणून दोघांचं मेतकूट जमलेलं होतं. सगळं बिनसलं ते एका वस्तीवरून.

आमचा देश आणि शेजारचा देश यांच्यामध्ये एक डोंगराळ पट्टा आहे. तिथे एका अरुंद घळीतून ओढा वाहतो आणि ओढ्याच्या पलीकडच्या काठावर एक वस्ती आहे. घरं एकोणीस आणि नाव आठ अक्षरी. ते नाव मी इथे लिहीत नाही, त्याने आधीच पुरेसा घोळ घातला आहे. जुन्या करारात म्हटलं होतं की सरहद्द ओढ्याने जाते. आमच्या छापील नकाशात मात्र ती ओढा सोडून वस्तीच्याही मागून गेलेली. म्हणजे कराराने वस्ती त्यांची आणि नकाशाने आमची. कित्येक वर्षं कुणाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. वस्तीतली माणसं अलीकडे दळण टाकत आणि पलीकडे गुरं चारत.

अकरा वर्षांपूर्वी रस्त्याची आखणी करायला आलेल्या आमच्या इंजिनियरने नकाशा बघून वस्तीमागे एक दगड रोवला. पलीकडच्यांनी तो उपटला. झालं! दोन्हीकडून बंदुका आल्या. वस्तीतल्या लोकांना एका दुपारी नेसत्या कपड्यांनिशी बाहेर काढलं. ती माणसं आमच्या बाजूला आली, कारण त्या दुपारी आमच्या बाजूचे ट्रक उभे होते. बाकी काही कारण नाही.

त्यांच्यातलंच एक कुटुंब आमच्या खालच्या खोलीत आलं. शिंपीण, तिचा नवरा आणि सासू. ती खोली खरं तर ताईंची. गुडघे दुखत असताना ताई वरच्या माळ्यावरच्या खोलीत गेल्या आणि आपली ऐसपैस खोली त्यांना देऊन मोकळ्या झाल्या. मी चकित झाले. पाहुणा दोन दिवस राहिला तरी ज्यांच्या कपाळाला आठ्या, त्या बाईंना एकदम एवढा पुळका कसा आला? विचारलं तर म्हणाल्या, 'उजेड जास्त आहे खाली. शिवणाला बरा.' मी ते खरं मानलं. अकरा वर्षं मानलं.

यंदा कुणाला तरी शहाणपण सुचलं आणि दोन्ही देशांनी तिसऱ्या, लांबच्या देशातला एक मध्यस्थ कबूल केला. बोलणी आमच्याच शहरात सुरू झाली. मुदत एका शनिवारपर्यंत. तोवर तोडगा निघाला नाही तर काय करायचं तेही दोन्ही बाजूंनी आधीच लिहून दिलेलं होतं: मधे दोनशे मीटरचा मोकळा पट्टा काढायचा आणि त्यात येईल ते सगळं जमीनदोस्त. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ होतो म्हणतात, इथे तिसऱ्याचं घर जाणार होतं. बातम्यांत दोन्हीकडचे बुलडोझर उभे दाखवले तेव्हा शिंपीण टीव्हीच्या पडद्याजवळ जाऊन त्यांच्यामागे आपलं छप्पर दिसतं का ते शोधत होती.

त्या आठवड्याच्या सोमवारी परराष्ट्र खात्याचे साहेब आमच्या घरी आले. हातात पुष्पगुच्छ, पायात बूट, आणि मागे फाइल धरलेला माणूस. एवढा मोठा माणूस आमच्या जिन्याने चढून आला म्हणून हे हरखून गेले. मी चहा ठेवला.

"मॅडम," साहेब ताईंना म्हणाले, "त्या शीटवर काम केलेल्यांपैकी तुम्ही एकट्याच हयात आहात. कोपऱ्यात तुमची सही आहे. गुरुवारी या आणि मध्यस्थांसमोर दोन वाक्यं बोला. बस्स."

त्यांनी कागद पुढे केला. ताईंनी तो भिंगाखाली धरून मोठ्याने वाचला. "'हा नकाशा माझ्या हातचा आहे. तो कार्यालयाच्या नियमांप्रमाणे तयार केलेला आहे.' दोन्ही वाक्यं खरी आहेत."

"मग प्रश्नच मिटला!" साहेब खूश झाले.

"तिसरंही एक आहे."

"तिसऱ्याची गरज नाही, मॅडम." साहेब हसले, पण त्यांचा कप वाटेतच थांबला. "मूळ फिल्मही आम्ही पेटीतून आणणार आहोत. सही दाखवायला."

"मूळ? प्रत नव्हे ना?"

"मूळच. अडतीस वर्षांत प्रथमच बाहेर काढतोय."

"येते," ताई म्हणाल्या.

साहेब गेले. हे दारापर्यंत पोचवून आले आणि म्हणाले, "ताई, आपल्या घराचं नाव झालं." मीच विचारलं, तिसरं वाक्य कुठलं?

"बस," त्या म्हणाल्या. "तूही बस, मास्तर."

मग त्यांनी सांगितलं. "त्या घळीला शीटवर जागा किती? चार मिलिमीटर. त्यात ओढा, गाडीवाट, सरहद्द, एकोणीस घरं आणि ते लांबलचक नाव. सगळं एकावर एक आलं की छापल्यावर नुसता काळा डाग दिसतो. आमच्याकडे नियम होता, नावावरून रेघ जाता कामा नये आणि खुणेवर खूण पडता कामा नये. जागा नसेल तर काहीतरी थोडं सरकवायचं. सगळेच सरकवायचे."

"मग तुम्ही काय सरकवलंत?" मी म्हटलं.

"ओढा सरकवता येईना, तो पाण्याचा. वाट सरकवता येईना, तिला वळणं. सरहद्द सरकवली. तिथे उभं राहून बघितलं तर न दिसणारी तेवढी एकच गोष्ट होती."

"किती सरकवलीत?"

"अडीच मिलिमीटर. जमिनीवर सव्वाशे मीटर. म्हणजे ती एकोणीस घरं."

हे पांढरेफटक पडले. मग लाल झाले. "अकरा वर्षं बोलली नाहीस, आणि आता त्यांच्यासमोर बोलणार?"

"अकरा वर्षं भ्याले. नियमाने केलं, माझी चूक नाही, असं स्वतःला सांगत राहिले. आता शनिवारी घरं पाडणार आहेत."

"ती देशाची जमीन आहे, ताई!"

"देशाची नव्हती. मी दिली होती, अक्षरं बसेनात म्हणून. मी दिली, मीच परत घेते."

"हात दाखवून अवलक्षण करू नकोस! अडतीस वर्षांपूर्वीचं तुला आठवतंय, ह्यावर कोण विश्वास ठेवणार?"

"माझ्यावर विश्वास ठेवा असं मी कुठे म्हणतेय?" ताई म्हणाल्या आणि गुडघा धरून उठल्या.

त्या सरळ खाली गेल्या, शिंपिणीकडे. मीही मागोमाग गेले, कारण माझाही संताप झाला होता. पस्तीस वर्षांत माझ्या चपातीचा मध्यबिंदू काढणारी बाई एवढी मोठी गोष्ट पोटात ठेवून बसली होती! शिंपीण मशीनवर बाही जोडत होती. ताईंनी उभ्या उभ्या, एक शब्द इकडचा तिकडे न करता, तिला सगळं सांगितलं. शिंपिणीचे पाय चालतच राहिले. बाही संपली, दोरा तुटला, तेव्हा तिने मान वर केली.

"अकरा वर्षं? आणि तुम्ही मला ब्लाउजची मापं देत बसलात?"

ताईंनी मान खाली घातली. त्यांना मान खाली घालताना मी त्याआधी पाहिलेलं नव्हतं.

"खोली दिलीत म्हणून मी तुमच्या पाया पडले होते, ताई. सासू रोज तुमचं नाव घेते." तिचा आवाज चिरकला. "माझी सख्खी बहीण पलीकडच्या गावात आहे. घरातून हाक मारली की ऐकू जायची तिला. अकरा वर्षांत एकदा भेटले, तेही दोन दिवस आगगाडी आणि एक दिवस बस करून, शिक्के मारत मारत. आणि हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग मला कशाला सांगताय? जा ना, तिथे जाऊन सांगा! ज्यांना सांगायचं त्यांना सांगा!"

"गुरुवारी सांगते," ताई म्हणाल्या. शिंपिणीने मशीनकडे तोंड फिरवलं.

गुरुवारी मी ताईंबरोबर गेले, त्यांना जिने झेपत नाहीत म्हणून. ह्यांनी यायला साफ नकार दिला. बोलणी एका हॉटेलच्या पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये चालली होती, जिथे एरवी विमा कंपन्यांची शिबिरं भरतात. लांब टेबल, हिरवं कापड, एका बाजूला आमचे आठ, समोर त्यांचे आठ. सगळ्यांचे कोट काळे, सगळ्यांसमोर एकाच कंपनीचं पाणी. कोण आपलं आणि कोण परकं हे समोरच्या पाट्या वाचूनच कळायचं. टेबलाच्या टोकाला मध्यस्थ. म्हातारा, स्वेटर घातलेला, कानात यंत्र. त्यांच्या मागे आमची भाषा जाणणारी दुभाषी मुलगी. मध्यस्थ आदल्या आठवड्यात गमबूट घालून ओढ्यात उतरले होते, असं शिपायाने मला सांगितलं. तेव्हापासून मला त्यांच्याविषयी बरं वाटत होतं.

ताईंना टेबलाच्या मधोमध खुर्ची दिली आणि मला भिंतीशी. पेटी उघडली, फिल्म हिरव्या कापडावर पसरली. साहेबांनी गोड आवाजात विचारलं, "हा नकाशा तुमच्या हातचा आहे का?"

"आहे."

"तो कार्यालयाच्या नियमांप्रमाणे तयार केलेला आहे?"

"अगदी नियमाप्रमाणे. आणि म्हणूनच त्यातली सरहद्द चुकीच्या जागी आहे."

दुभाषी मुलगी अडखळली. मध्यस्थांनी तिच्याकडे पाहिलं, तिने सांगितलं, आणि त्यांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. साहेब पुटपुटले, "मॅडम, थकलात का? थोडं पाणी घ्या." ताई म्हणाल्या, "तहान नाही." आणि घरी सांगितलं होतं ते सगळं तिथे सांगितलं. चार मिलिमीटरची घळ, आठ अक्षरांचं नाव, अडीच मिलिमीटर.

आमच्या बाजूचा एक वकील उठला. वय झालेल्या बाईंची आठवण हा काही पुरावा होत नाही, असं तो म्हणाला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताई मात्र जणू त्याचीच वाट बघत होत्या.

"आठवण सोडा. शाई लावण्याआधी आम्ही जमिनीवरच्या मोजणीप्रमाणे खऱ्या जागेवर फिकट निळ्या पेन्सिलीने रेघ मारायचो. मग काय सरकवायचं ते ठरवून वर काळी शाई. निळी रेघ पुसायची नाही, कारण तो निळा रंग कॅमेऱ्याला दिसत नाही. छापील प्रतीत ती कधीच उतरत नाही. तुम्ही दोन्ही देश अडतीस वर्षं प्रती बघत आलात. मूळ फिल्म कुणी उजेडाला धरली का?"

कुणीच धरली नव्हती. साहेबांनी फिल्म गुंडाळायला हात पुढे केला. मध्यस्थांनी नुसता तळहात वर केला, तसा तो हात मागे गेला.

"खिडकीला लावा," ताई म्हणाल्या. "एक कोपरा तुमच्यातला कुणी धरा, दुसरा त्यांच्यातला."

आणि दोन काळे कोट, एक आमचा आणि एक त्यांचा, खिडकीच्या काचेवर ती फिल्म हातांनी दाबून उभे राहिले. बाहेर लख्ख ऊन होतं. ताईंनी पर्समधून भिंग काढून मध्यस्थांच्या हातात दिलं आणि काचेवर नखाने जागा दाखवली. ओढ्याच्या अंगाअंगाने, काळ्या सरहद्दीपासून अडीच मिलिमीटर अलीकडे, फिकट निळी रेघ चाललेली होती. मध्यस्थ बराच वेळ डोळा लावून बघत राहिले. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला: ह्या निळ्या रेघेची जाडी किती?

"पाव मिलिमीटर. जमिनीवर साडेबारा मीटर. पावसाळ्यात तो ओढाही तेवढाच रुंद असतो."

ते हसले. गमबूट घालून उतरलेल्या माणसाला ते पटलं असणार.

समोरच्या बाजूला आनंदीआनंद झाला. त्यांच्यातल्या दोघांनी तर टेबलावर थाप मारली. इथे कुणीही शहाणी बाई गप्प बसली असती. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. ताई त्यांच्याकडे वळल्या.

"तुम्ही हसू नका. वस्तीवर बंदूक तुम्हीही रोखली होती. आणि पाडायच्या कागदावर तुमचीही सही आहे. रेघ ओढ्यावर आली म्हणजे घरं तुमच्याकडे जाणार. पण त्या घरांतली माणसं अकरा वर्षं आमच्या गल्ल्यांत भाड्याने राहतायत. घरं घेताय तर माणसांसकट घ्या. नुसत्या भिंती नेणार असाल तर ही निळी रेघ मी आत्ता ब्लेडने खरवडते, मग बसा आणखी अडतीस वर्षं!"

खरंच त्यांचा हात पर्सकडे गेला होता. मला ठाऊक आहे, त्या पर्समध्ये ब्लेड असतं. शिपाई पुढे सरसावला. दुभाषी मुलीने शेवटचं वाक्य सांगितलं तेव्हा मध्यस्थांनी ते पुन्हा एकदा सांगायला लावलं, वहीत लिहून घेतलं आणि समोरच्यांकडे बघून विचारलं की, ह्यावर आपलं काय म्हणणं आहे? टेबलावर थाप मारणारे हात मांडीवर गेले.

बाहेर पडताना साहेबांनी जिन्यात गाठलंच. आता मॅडमबिडम काही नव्हतं. "बाई, तुम्ही नेमक्या कुणाच्या बाजूने आला होतात?"

"ओढ्याच्या," ताई म्हणाल्या आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरू लागल्या.

शनिवारी संध्याकाळी करार झाला. सरहद्द ओढ्यावर. घरं शेजाऱ्यांची, पण वस्तीतल्या कुटुंबांना त्यांच्या घरी परत जाण्याचा, तिथले कागद मिळण्याचा आणि ओढा ओलांडून येण्या-जाण्याचा हक्क. दोन्हीकडचे बुलडोझर आले तसे परत गेले. खाली शिंपिणीच्या सासूने रडून घर डोक्यावर घेतलं. शिंपीण वर आली, दारात उभी राहिली आणि म्हणाली, "माझा राग गेलेला नाही, ताई." ताई म्हणाल्या, "जाऊ नये." मग ती आत येऊन त्यांच्या शेजारी बसली.

आमच्या देशात मात्र गहजब झाला. टीव्हीवर जे ते ताईंवर तोंडसुख घेऊ लागले. एकाने तर त्यांना किती मोबदला मिळाला तेसुद्धा सांगितलं. मिळाला असता तर निदान माळ्यावरचं छत गळायचं थांबवलं असतं. निवृत्तांच्या मंडळाने त्यांचं नाव काढून टाकलं. वाण्याने यादी घेतली आणि सामान पाठवलं नाही. मी स्वतः गेले आणि भर दुकानात विचारलं, तुझा तराजू तरी सरळ आहे का रे? त्या दिवसापासून सामान वेळेवर येतं.

घरात हे ताईंशी बोलत नव्हते. एकाच टेबलाशी बसून मला सांगायचे, "तिला सांग, मीठ दे." मी म्हणायचे, मी काय दुभाषी आहे का? ताईंनी एकदाही समजूत घातली नाही की मनधरणी केली नाही. "त्याला वाईट वाटतंय ते खरं आहे," एवढंच म्हणाल्या. "खऱ्याला काय समजवायचं?" पण रात्री माळ्यावर त्यांच्या येरझाऱ्या ऐकू यायच्या, आणि हेही कूस बदलत राहायचे. तेवीस दिवस असे गेले. मला दोघांच्याही एकेक थोबाडीत द्यावीशी वाटत होती.

चोविसाव्या दिवशी सकाळी शिंपिणीचं सामान न्यायला ट्रक आला. मी दार उघडलं आणि बघते तर आमच्या कुंपणाच्या भिंतीवर लाल रंगात हातभर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: गद्दार. गल्ली गोळा झाली होती. खिडक्यांतून, गच्चीवरून माना. हसत कुणी नव्हतं, पण कुणी पुढेही येत नव्हतं. शिंपीण बाहेर आली, तिने ते वाचलं आणि तोंडावर हात धरला.

"आमच्यामुळे झालं हे."

"तुमच्यामुळे नाही," ताई मागून म्हणाल्या. त्या भिंतीकडे नीट बघत होत्या. त्यांची हनुवटी थरथरत होती, आणि ती थरथर दिसू नये म्हणून त्या मान आणखी वर करत होत्या. "सामान चढवा. ऊन वाढेल."

मी पाण्याची बादली आणली. ताई म्हणाल्या, "ठेव ती खाली. ज्यांना वाचायचंय त्यांना वाचू दे." मी बादली ठेवली. मला त्या गर्दीला शिव्या घालायच्या होत्या.

गठुडी चढली, मशीन चढलं, पाण्याची पिंपं चढली. मग शिंपिणीच्या नवऱ्याने लोखंडी कपाट कसंबसं दारापर्यंत ओढत आणलं आणि तिथे ते अडलं. एकट्याचं काम नव्हतं. त्याने गल्लीकडे बघितलं. गल्लीने जमिनीकडे बघितलं.

तेवढ्यात हे जिन्यावरून खाली आले. बनियनवर, पायात चप्पल नाही. भिंतीसमोर उभे राहून त्यांनी ते अक्षर वाचलं, चाळीस वर्षं वह्या तपासल्या तसं, एकेक वळण निरखत. मग गर्दीकडे वळले आणि त्यांची नजर कोपऱ्यावरच्या टायरवाल्यावर थांबली. चाळिशीचा, पोट सुटलेला गडी, पण ती नजर पडताच त्याने हात मागे घेतले.

"अक्षर अजून तसंच आहे तुझं," हे म्हणाले. "'द' काढताना हात उचलतोस. सातवीत सांगून थकलो. ये इकडे."

टायरवाला आला. हे वाकले आणि कपाटाची एक बाजू धरली.

"दुसरी बाजू धर."

"मास्तर, तुम्हाला तरी पटलंय का हे सगळं?" टायरवाला खालच्या आवाजात म्हणाला.

ह्यांनी मान वळवली आणि तेवीस दिवसांनी पहिल्यांदा ताईंकडे सरळ बघितलं. "नाही पटलेलं," ते म्हणाले. "पण कपाट त्यांचं आहे, घर त्यांचं आहे, आणि बहीण माझी आहे. धर."